सूत : भागरथाबाई

भागरथाबाईंची डावी मांडी मी त्यांच्या चेहऱ्याआधी पाहिली.

आंधळगावात त्यांच्या घराच्या मागच्या सपरीत, उघड्या पडवीत, त्या खाली मान घालून बसल्या होत्या. समोर रेशमाच्या उकडलेल्या कोशांचं पातेलं होतं. लुगडं डाव्या बाजूला पार कमरेपर्यंत वर खोचलेलं. पातेल्यातल्या चार-पाच कोशांचे तंतू एकत्र ओढून त्या डाव्या तळव्याने, घसरू नये म्हणून राख चोळलेल्या मांडीवर वळत होत्या आणि तयार झालेलं सूत उजव्या हातातल्या लाकडी चौकटीवर गुंडाळत होत्या. जिथे तळवा फिरत होता तिथली कातडी काळी, गुळगुळीत आणि चकचकीत झाली होती. जुन्या घराचा उंबरठा मध्ये झिजतो, तशी ती मांडी मध्ये थोडी खोलगट होती.

मी नजर भिंतीकडे वळवली.

"काय वं," त्या मान वर न करता म्हणाल्या, "भिंतीले काय पाहून राहिली? भिंत काय सूत काढते?"

माझ्यासोबत माधवीताई होत्या. संग्रहालयाची सगळी मांडणी त्यांच्याकडे होती आणि त्या त्यासाठी नागपूरहून येत. त्या हसल्या. मला हसता आलं नाही. मी भंडाऱ्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. घरी मराठी बोलायचे, पण ते जपून, पाहुण्यांसमोर बोलावं तसं. कोशाच्या कापडाचं संग्रहालय उभं राहतंय आणि तिथे दोन्ही भाषांत पाट्या लिहायला कुणीतरी हवंय, एवढ्यावर मला ते काम मिळालं होतं. भागरथाबाईंनी पहिल्याच दिवशी माझी शाळा विचारून घेतली आणि त्यानंतर मला नावाने कधी हाक मारली नाही.

"ये कान्व्हेंट, बस. उजेड अडवू नको."

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्याला तोवर बरीच वर्षं झाली होती, तरी आमच्या संग्रहालयाच्या अध्यक्षांच्या खोलीत जुन्या, अख्ख्या जिल्ह्याचाच नकाशा टांगलेला होता. अध्यक्षसाहेब कापडाचे व्यापारी. विणकर सोसायटीचं भंडाऱ्यातलं बंद पडलेलं गोदाम त्यांनी खटपट करून संग्रहालयासाठी मिळवलं होतं. मागांची खोली, रंगांची खोली, करवती काठाची लुगडी, आणि दारातच जंगलातल्या झाडावर लटकलेला कोसा, असं सगळं कागदावर ठरलं होतं. माझं काम होतं गावागावातून माहिती आणणं. म्हणून मी स्कूटीवर वरठी-मोहाडीवरून आंधळगावला जात राहिले. खरं तर भागरथाबाईंकडची माहिती दोन भेटींतच संपली होती.

त्या चांगल्या बाई होत्या असं मी म्हणणार नाही. सकाळी तंबाखूच्या गुडाखूने दात घासता घासता गल्लीतल्या प्रत्येकीची उणीदुणी काढायच्या. दुसऱ्या सूत काढणाऱ्या बायांबद्दल त्यांचं एकच मत असे: "तिची मांडी मऊ आहे." यापुढे त्या बाईबद्दल काही बोलायची गरज त्यांना वाटत नसे. थापाही मारायच्या. नागपुरातल्या कुठल्याही मोठ्या लग्नात नवरीच्या अंगावर त्यांचंच सूत असतं, असं त्या शपथेवर सांगत. यंत्रावर काढलेल्या सुताला त्या 'शेवया' म्हणायच्या.

सून वनिता चहा घेऊन आली की त्या बशीत चहा ओतत आणि सुनेसमोरच मला सांगत, "हिले पाहाले गेलो तर मी हिची मांडी दाबून पाहिली. माह्या सासूनं माही दाबली होती. ज्या पोरीच्या मांडीले घट्टा नाही ते पोरगी घरी कामाची नाही. हिची कशी होती, माहीत आहे? लोनी! पन सुधाकरले हेच पायजे होती."

वनिता पदराने कप पुसत उभी राहायची. लग्नानंतर वर्षभर तिला सासूने त्या पातेल्यासमोर बसवलं होतं. एक दिवस ती उठली, लुगडं खाली सोडलं आणि परत बसली नाही. दोघींमध्ये त्याबद्दल अबोला नव्हता. बोलणं होतं, तेच जास्त वाईट होतं.

एकदा वनिता लुगडं शिवत होती. सुई कुठे ठेवावी म्हणून ती इकडेतिकडे पाहू लागली. भागरथाबाईंनी तिच्या हातातून सुई घेतली आणि स्वतःच्या मांडीत, त्या काळ्या घट्ट्यात, सरळ टोचून ठेवली. दोरा लोंबत राहिला. मग त्यांनी चहाची बशी उचलली.

"घाबरली काय वं? हे मरेल कातडं आहे. इथं पेटता कोरसा ठेव, मले समजनार नाही." फुंकर मारून त्यांनी चहाचा घोट घेतला. "तुमच्या शाळेत छडी मारत होते ना हातावर? असा घट्टा असता तर मास्तर थकला असता."

त्या एकट्याच हसल्या. वनिताने सुई काढून घेतली आणि पदराला पुसली.

संग्रहालयाच्या बैठकीला कारागिरांतर्फे म्हणून भागरथाबाईंना बोलावलं होतं. सुधाकर त्यांना मोटरसायकलवर घेऊन आला. तो वरठीच्या कारखान्यात कामाला. गणवेशातच आला होता आणि आईपासून दोन खुर्च्या सोडून बसला. माधवीताईंनी मूर्तिकाराकडून आलेलं पुतळ्याचं चित्र टेबलावर पसरलं. सूत काढणारी बाई: घोट्यापर्यंत नेसलेलं लुगडं, डोक्यावर पदर, समोर छोटं यंत्र आणि चेहऱ्यावर हसू.

भागरथाबाईंनी चित्र आधी दूर धरलं, मग जवळ आणलं.

"हे कोन आहे?"

"सूत काढणारी बाई," अध्यक्षसाहेब म्हणाले.

"हे तर हळदीकुंकवाले निघाली, बाप्पा. हे इकडे बसली तर सूत कोन काढून राहिलं?"

कोणीतरी खोकलं. अध्यक्षसाहेबांनी शांतपणे समजावलं की ही जुनी पद्धत आता सरकारच बंद करा म्हणतं, संग्रहालयात शाळेची मुलं येतील, बाईची उघडी मांडी दाखवणं बरं दिसत नाही.

"लोकं कापड घ्याले आमच्या घरी येत," भागरथाबाई म्हणाल्या. "तुमचे वडीलही येत. मी तिथंच बसून राहत होती, अशीच. तवा कोनी डोळे नाही झाकले. मोल करून जात होते."

अध्यक्षसाहेबांनी पाण्याचा पेला उचलला.

मग भागरथाबाईंची नजर माझ्या हातातल्या पाटीच्या मसुद्यावर गेली. त्यांनीच संग्रहालयाला दिलेल्या करवती लुगड्याची ती पाटी होती. त्यांनी मला ती वाचायला लावली. मी वाचलं: कोशाचं करवती लुगडं, आंधळगाव, विणकर अमुक. विणकराचं नाव म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं.

"हे नाव मी जन्मात तोंडानं घेतलं नाही," त्या म्हणाल्या, "अन् तुम्ही काचेत लावून राहिले. लावा. सुधाकरच्या बापानं विनलं, खोटं नाही. पन त्यानं काय हवा विनली? सूत कोनाचं? माहं नाव कुठं आहे?"

सूत काढणारीचं नाव लिहायची पद्धत मी कुठल्याच संग्रहालयात पाहिली नव्हती.

"मग माही मांडी ठेवा," त्या माधवीताईंकडे वळून म्हणाल्या. "अख्खी बाई नको तर नको. मांडी ठेवा अन् खाली नाव लिवा. मी मेल्यावर कोनी म्हनाले नको की सूत झाडाले लागत होतं."

सुधाकर उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने मी पाणी प्यायला गेले तर तो माठाजवळ उभा होता. तो माझ्याकडे न पाहताच बोलला.

"मॅडम, मी लहान होतो ना, तवा घरी कोनी पाहुना आला की मी धावत जाऊन आईच्या मांडीवर पोतं टाकत होतो. ते उचलून फेकत होती. मी पुन्हा टाकत होतो. आता तुम्ही ते काचेत ठेवनार, अन् नावही लिवनार. माही पोरगी लग्नाची आहे."

खूप बोलण्यानंतर मधला मार्ग निघाला. भागरथाबाईंच्या मांडीचा आणि तळव्याचा प्लॅस्टरमध्ये साचा घ्यायचा, त्यावरून केलेली प्रतिकृती कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीत ठेवायची, नाव मात्र लावायचं नाही. भागरथाबाईंनी पहिल्या दोन गोष्टी मान्य केल्या. तिसरी त्यांनी ऐकूच आली नाही असं दाखवलं. मोटरसायकलवर बसताना मला जवळ बोलावून म्हणाल्या, "पाट्या तूच लिवते ना? मग झालं."

साचा घेतला तो दिवस थंडीचा होता. सपरीत ऊन आलं होतं. भागरथाबाईंनी मांडीच्या आतल्या बाजूला फडक्याची पट्टी बांधली होती. वारा लागते म्हणून, असं त्यांनी सांगितलं, आणि माधवीताई हात धुवायला गेल्या तेवढ्यात ती स्वतःच सोडून पायाखाली दाबली. वनिता दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, काही बोलेलसं वाटलं, पण सासूने मान वळवताच ती आत गेली.

माधवीताईंनी मांडीला तेल लावलं आणि ओल्या प्लॅस्टरच्या पट्ट्यांचे थर चढवले. प्लॅस्टर घट्ट होताना गरम होतं. मी वरून हात लावला तर ते मला कोमट लागलं.

"आजी, चटका बसत नाही ना?" माधवीताईंनी पुन्हा पुन्हा विचारलं.

"थंडीत बरं वाटून राहिलं," त्या म्हणाल्या. "रोज येत जा."

साचा निघाला तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला एका जागी पिवळट-तपकिरी डाग होता, साधारण कोशाएवढा. वास येत होता. पण त्या सपरीत उकडलेल्या कोशांचा वास नेहमीच असे, मेलेल्या किड्यांचा, आणि मला तो तोच वाटला. माधवीताईंनी डाग पुसून घेतला. भागरथाबाईंनी लुगडं झटकन खाली सोडलं. त्या सपरीत त्यांचं लुगडं पायापर्यंत आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

आम्ही निघताना वनिता गाडीपर्यंत आली.

"तिथं फुटलं आहे," ती हळूच म्हणाली. "घट्ट्याच्या कडेले. दिवाळीपासून. राख भरतात त्याच्यात. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हनतात, दुखत नाही म्हंजे भरून आलं. यांच्यात असंच मानतात सगळ्या बाया. मांडी फुटली की राख भराची अन् बसाचं. तुम्हाले समजलं तर साचा होनार नाही, म्हनून मले शपथ घातली होती."

माधवीताईंनी गाडीतूनच सुधाकरला फोन लावला. तो त्याच संध्याकाळी आईला भंडाऱ्याला घेऊन आला, तिथून नागपूरला. भागरथाबाईंच्या रक्तातली साखर कुठल्या कुठे चढली होती आणि ते त्यांना माहीतच नव्हतं. जखम वरून लहान होती, आतून हाडाला पोचली होती. डॉक्टरांनी आधी पाय वाचवायचा प्रयत्न केला. मग मांडीच्या वरच्या भागातून तो कापला.

सुधाकर संग्रहालयात आला तेव्हा आम्ही माग जोडत होतो. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही जाळली तिची मांडी," तो माधवीताईंना म्हणाला. "तिले समजत नव्हतं. तुम्हाले तर समजत होतं ना?"

जखम साच्याच्या खूप आधीची असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते आम्हालाही माहीत होतं आणि त्यालाही. माधवीताई तसं म्हणाल्या नाहीत. त्या पुढे काही दिवस आल्याच नाहीत. त्या दिवशी प्लॅस्टर माझ्या हाताला कोमट लागलं होतं, एवढं मी सांगू शकते. त्याहून जास्त मला माहीत नाही.

"ते फोडून टाका," जाताना सुधाकर म्हणाला. अध्यक्षसाहेबांनी लगेच मान डोलावली. मला वाटलं, त्यांना सुटल्यासारखं झालं असावं. प्रतिकृती तोवर तयार झाली होती. शिपायाने ती पोत्यात गुंडाळून कोठीच्या खोलीत नेऊन ठेवली. फोडायची कुणाचीच हिंमत होत नव्हती.

मी दवाखान्यात गेले. खाटेवर भागरथाबाई लहान दिसत होत्या. चादर डावीकडे एकदम सपाट होत होती. वनिता त्यांना भरवत होती. भांडण चालूच होतं, भातात मीठ कमी म्हणून.

"कान्व्हेंट आली," त्या म्हणाल्या. मग छताकडे पाहून पुढे बोलल्या. "मी याइले विचारलं, माहा पाय कुठं ठेवला? म्हनतात जाळला. पाहा वं. माह्याआधी माही मांडी जळली. मले सांगतलंही नाही."

मी स्टूल ओढून खाटेजवळ बसले.

"अन् तुमच्यापाशी दुसरी आहे ते सुधाकर फोडाले लावून राहिला. एका बाईची एकच मांडी किती खेपा काढान रे?"

हे त्या मला म्हणाल्या, पण सुधाकर पलीकडे खिडकीशी उभा होता. तो वळला नाही. वनिताने वाटी खाली ठेवली.

"नाही फोडत," ती नवऱ्याच्या पाठीकडे पाहून म्हणाली. "ठेवा म्हना त्याइले. नावही लिवा म्हना. माहे हात झिजले यांचं करता करता, मले तरी दिसलं पायजे कशासाठी." भागरथाबाईंनी सुनेकडे पाहिलं. काही चांगलं बोलतील असं वाटलं.

"मीठ आन पहिले," त्या म्हणाल्या.

संग्रहालय उघडायच्या आदल्या दिवशी त्या आल्या. ऑटोतून उतरवून सुधाकरने त्यांना पाठुंगळीला घेतलं आणि आत आणलं. मोठा झालेला मुलगा आईला असं पाठीवर घेतो, हे मी कधी पाहिलं नव्हतं. तो खूप काळजीने पावलं टाकत होता आणि कुणाकडेच बघत नव्हता. पाठीवरून भागरथाबाई सगळं पाहत होत्या. मागापाशी म्हणाल्या, "याची दोरी ढिली आहे." लुगड्याचा काठ मान वळवून शेवटपर्यंत पाहिला.

कोपऱ्यातल्या पेटीला अजून काच लागायची होती. सुधाकरने त्यांना पेटीशेजारी स्टुलावर बसवलं आणि मागून धरून ठेवलं. फोडायची गोष्ट सुधाकरने पुन्हा काढली नव्हती. मांडी तिथे होती, रंग दिलेली, अगदी हुबेहूब, काळा घट्टासुद्धा. शेजारी पातेल्यात दाखवण्यासाठी खरे कोसे भिजवून ठेवले होते. पाटी माझ्या हातात होती. नाव लिहिलेलं होतं. अध्यक्षसाहेबांनी त्याला शेवटी हरकत घेतली नव्हती, किंवा घ्यायची त्यांना लाज वाटली असावी.

भागरथाबाईंनी वाकून मांडीवरून हात फिरवला. मग पातेल्यातून तंतू ओढले, चार-पाच एकत्र केले, प्लॅस्टरच्या मांडीवर धरले आणि तळवा फिरवला.

तंतू घसरले. त्यांनी पुन्हा ओढले, पुन्हा तळवा फिरवला. तंतू सुटे सुटे होऊन पांगले. "राख," त्या म्हणाल्या. वनिता बाहेर गेली आणि चहावाल्याच्या चुलीतून चिमूटभर राख घेऊन आली. त्यांनी ती घट्ट्यावर चोळली, नेहमी चोळत तशी. तिसऱ्यांदा तळवा फिरवला. सूत वळलं नाही.

त्या मागे टेकल्या. सुधाकरच्या अंगावर.

"मऊ आहे," त्या म्हणाल्या.

वनिताने हाताला लागलेली राख झटकली.

"हे माही नाही. हिले माहं नाव नको लावू." माझ्या हातातल्या पाटीकडे त्यांनी बोट केलं. "माही जळली. लावाचंच असन तर लुगड्याले लाव. ते तरी माहं आहे."

मांडी आजही त्या कोपऱ्यात आहे, नावाशिवाय. आधी ठरलं होतं तसंच झालं. शाळेची मुलं येतात, एकमेकांना कोपराने ढोसतात, आणि शिपाई त्यांना सांगतो की ते मॉडेल आहे. लुगड्याखालची पाटी मी त्याच दुपारी बदलली. 'विणकर' या ओळीच्या वर एक ओळ घातली: सूत : भागरथाबाई. ती नवऱ्याच्या नावाच्या वर का, असं अध्यक्षसाहेबांनी विचारलं. सूत आधी निघतं, मी म्हणाले. त्यांच्यासमोर मी बोललेलं बहुतेक ते पहिलंच पूर्ण वाक्य.

ती पाटी भागरथाबाईंनी पाहिली नाही. पावसाळा संपायच्या आत त्या गेल्या.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या त्याच दिवशी, पाठमोऱ्या. सुधाकर त्यांना पाठीवर घेऊन गोदामाच्या लांब ओट्यावरून ऑटोकडे चालला होता. वनिता मागे, लुगड्याचा रिकामा लोंबणारा भाग हाताने सावरत. उन्हामुळे भागरथाबाईंनी डोकं मुलाच्या मानेवर टेकलं होतं, झोपल्यासारख्या वाटत होत्या. फक्त डावा हात जागा होता. सुधाकरच्या गणवेशाच्या खांद्यावर तो तळवा पुढे जात होता, मागे येत होता, पुढे जात होता.

सुधाकर ऑटोपाशी पोचून थांबला. हात थांबेपर्यंत त्याने त्यांना खाली उतरवलं नाही.